मद्रासचा माल, मराठी बारदाना

इतवारीच्या धान्यबाजारात एक शब्द उठता-बसता कानी पडतो. तो शब्द म्हणजे बारदाना. बारदाना म्हणजे माल भरायची पोती. छत्तीसगडचा तांदूळ येथे येतो एका बारदान्यात आणि गावोगावच्या किराणा दुकानांकडे निघतो दुसऱ्या बारदान्यात. मधल्या मुक्कामात त्याला चाळणी लागते, वजनकाटा लागतो, पोत्यावर नवा शिक्का बसतो. दाणा तोच असतो, पण घरी गेल्यावर गिऱ्हाईक सांगते, "इतवारीचा तांदूळ आणला." आणि ते काही खोटे नसते. निवडला कोणी, पाखडला कोणी, भाव कोणी केला, याला काही किंमत आहेच की!

खुद्द इतवारीचे नाव तरी कोठे अस्सल येथले आहे? मूळ शब्द संस्कृतातला आदित्यवार. उत्तरेकडे त्याचा इतवार झाला, आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी आइतवार झाला. पुण्याच्या पेठेने रविवार हे नाव घेतले आणि नागपूरच्या बाजाराने इतवार पसंत केला. सूर्य एकच, बारदाने तीन.

कथांचे आणि विनोदांचेही असेच असते, हे मला या लेखात सांगायचे आहे. आणि त्यासाठी साक्षीदार म्हणून मी ज्ञानेश्वर-तुकारामांना त्रास देणार नाही. माझा साक्षीदार आहे 'धूमधडाका' नावाचा एक विनोदी मराठी चित्रपट. मराठीच्या प्राध्यापकाने दिवाळी अंकात चित्रपटावर लिहावे, आणि तेही असल्या दंगामस्तीच्या, हे काही विद्वानांना रुचणार नाही. त्यांच्यासाठी याच अंकात इतरत्र गंभीर मजकूर असेलच!

एका विद्यार्थिनीचा प्रश्न

निमित्त घडले ते वर्गात. मी 'संशयकल्लोळ' शिकवीत होतो. देवलांनी हे नाटक आर्थर मर्फी या इंग्रजी नाटककाराच्या १७६१ सालच्या 'ऑल इन द राँग' या नाटकावरून घेतले, आणि मर्फीने तरी ते फ्रेंच मोलिएरच्या १६६० सालच्या नाटकावरून उचलले होते, असे मी ओघात सांगितले. मग अत्र्यांची 'मोरूची मावशी' ही ब्रँडन थॉमसच्या 'चार्लीज आँट'ची बहीण, पु. लं.चा 'अंमलदार' मुळात गोगोलच्या रशियातला, 'ती फुलराणी' ही बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'ची लेक, अशी वंशावळ फळ्यावर मांडली. मला वाटले, मुलांना मौज वाटेल.

मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, मग आपलं असं काय आहे?"

वर्ग हसला. पण मुलगी हसत नव्हती, आणि मलाही हसू आले नाही. कारण ही मुले घरी मराठी बोलतात, बाजारात हिंदी बोलतात, आणि फोनवर या दोहोंची खिचडी करतात. इतवारीत भाव विचारणारा मराठी, सांगणाराही पुष्कळदा मराठी, पण सौदा होतो हिंदीत! "भैया, कैसा दिया?" असे विचारून माणूस पुढच्या दुकानात आपल्या सख्ख्या मावसभावाला भेटतो. त्यात कोणाचा द्वेष नाही आणि कोणाची सक्तीही नाही. नागपूर ही पूर्वी मध्यप्रांताची राजधानी. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा येथे पिढ्यान् पिढ्या शेजारी राहिल्या. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात आलो; परंतु चित्रपटांच्या व्यापाऱ्यांनी आपला जुना नकाशा काही फाडला नाही. त्यांच्या लेखी विदर्भाचा मुलूख 'सी.पी.-बेरार' म्हणूनच ओळखला जात राहिला. सरकारी दप्तरातून गेलेला प्रांत चित्रपटाच्या डब्यांवर शिल्लक राहिला. मुंबई-पुण्याचा मराठी चित्रपट येथे पाहुण्यासारखा येई आणि पाहुण्यासारखाच दोन दिवसांत निघून जाई.

अशा गावातल्या मुलीने "आपलं काय?" असे विचारले, तर तो केवळ परीक्षेतला प्रश्न राहत नाही. आपल्या भाषेत जे काही आहे ते सारे उसनेच असेल, तर ती भाषा जपायची कशासाठी, असा त्याचा पुढचा भाग आहे. तो तिने विचारला नाही, एवढेच.

मद्रासहून निघालेली गाडी

आता 'धूमधडाका'ची कुळकथा ऐका.

१९६४ साली मद्रासला सी. व्ही. श्रीधर या दिग्दर्शकाने 'कादलिक्क नेरमिल्लै' नावाचा तामीळ चित्रपट काढला. नावाचा अर्थ 'प्रेम करायला सवड नाही'. श्रीधर तोपर्यंत ओळखले जात ते डोळ्यांना रुमाल लावायला लावणाऱ्या चित्रपटांसाठी. आपल्याकडे गाजलेला 'दिल एक मंदिर' हा त्यांनीच आपल्या तामीळ चित्रपटावरून केलेला. अशा माणसाने चित्रालय गोपू या जोडीदाराला हाताशी धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत निव्वळ हशा पिकवायचे ठरवले.

कथानक ऐकाल तर म्हणाल, यात काय विशेष? एक पैसेवाला इस्टेटदार, त्याच्या दोन शहाण्या मुली आणि एक चित्रपट काढण्याच्या वेडाने झपाटलेला मुलगा. इस्टेटीवरचा एक तरुण नोकर कामावरून काढला जातो. तो मालकाच्या बंगल्यासमोरच तळ ठोकतो आणि मालकाच्याच मुलीच्या प्रेमात पडतो. पैशापुढे मालकाची अक्कल चालत नाही, हे ओळखून तो आपल्या मित्राला दाढी-मिशा लावून आपला गडगंज बाप म्हणून आणतो. आणि तो मित्र पाहतो तो काय, मालकाची दुसरी मुलगी म्हणजे त्याचीच प्रेयसी! पुढचे वाचकांनी ताडले असेलच.

ही गाडी मद्रासहून सुटली आणि मग प्रत्येक स्टेशनवर थांबत गेली. १९६५ साली तेलुगूत 'प्रेमिंची चूडु', १९६६ साली खुद्द श्रीधरांनीच हिंदीत 'प्यार किये जा', १९७९ साली कन्नडमध्ये 'प्रीती माडु तमाशे नोडु'. आणि १९८५ साली ती मराठीच्या फलाटाला लागली. 'छोटा जवान'मधला बालनट म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेले महेश कोठारे यांचा दिग्दर्शक म्हणून तो पहिला चित्रपट. नाव 'धूमधडाका'.

म्हणजे एकवीस वर्षांत एका कथेने पाच भाषांचे पाणी चाखले. आमच्या विद्यार्थिनीच्या हिशेबाने पाहिले तर 'धूमधडाका'त मराठी असे उरलेच काय? कथा तामीळ, मधला मुक्काम हिंदी, आणि सोंग घेऊन सासऱ्याला फसवण्याची युक्ती तर मोलिएरच्याही आधीची!

ठसक्याचे भाषांतर

या प्रश्नाचे उत्तर मला कोणत्याही टीकाग्रंथाने दिले नाही. ते मी लहानपणी इतवारीच्या एका गल्लीत पाहिले होते.

१९९० च्या सुमाराची गोष्ट. गणेशोत्सवात आमच्या मंडळाने भाड्याने व्हीसीआर आणि रंगीत दूरदर्शन संच आणला होता. विणकर हलबा कुटुंबे, सराफ्यातले कारागीर, मारवाडी दुकानदार, गुजराती शेजारी, अशी सारी गल्ली सतरंज्यांवर मांडी घालून बसली होती. एका खुर्चीवर रेल्वेत नोकरीला असलेले एक तामीळ गृहस्थ होते. अर्धे आयुष्य नागपुरात गेल्यामुळे मराठी त्यांना चांगले समजे. 'धूमधडाका' सुरू झाला आणि थोड्याच वेळात आम्हा मुलांच्या एक गोष्ट ध्यानात आली. हे काका आमच्या आधी हसत होते! पडद्यावर विनोद घडायचा असे, नट अजून तोंड उघडत असे, तोच काकांच्या खुर्चीतून हशा येई. शेवटी कोणी तरी दटावून विचारले तेव्हा ते अभिमानाने म्हणाले, "ही आमची स्टोरी आहे. मी मद्रासला बघितली आहे."

परंतु एका जागी मात्र काका मागे पडले. अशोक सराफ खोटा श्रीमंत बाप होऊन, यदुनाथ जवळकर हे भारदस्त नाव धारण करून, पाइप ओढीत शरद तळवलकरांच्या धनाजी वाकडेपुढे येतात. पाइपचा धूर घशाशी जातो, आणि ठसका लागतो तो असा: "व्याख्या... विख्खी... वुख्खू!" गल्ली फुटली. माझी आजी डोळे पुसत म्हणाली, "बाप्पा, हा तं मरते आता!" काकांनी आधी आजूबाजूला पाहिले, मग पडद्याकडे पाहिले, आणि सर्वांच्या नंतर तेही खो खो हसू लागले. हा ठसका त्यांनी मद्रासला ऐकला नव्हता.

आज वाटते, वाङ्मयातल्या रूपांतराचे सगळे शास्त्र त्या दोन हशांमधल्या अंतरात आहे. जेथे काका आधी हसले, ती मद्रासची पुंजी. जेथे काका नंतर हसले, ती मराठीची कमाई.

त्या ठसक्याला अर्थ नाही. कोणत्याही कोशात तो सापडायचा नाही. परंतु त्यातला 'व्याख्या' हा शब्द पाहा. शाळामास्तरांनी छडी उगारून पाठ करवून घेतलेला हा जड शब्द एका ढोंगी श्रीमंताच्या घशात अडकतो आणि त्याचे तुकडे तुकडे होऊन बाहेर पडतात. खोट्या प्रतिष्ठेला ठसका लागला आहे, हे मराठी कानाला शब्दाआधीच कळते. याचे तामिळीत भाषांतर करून दाखवा! शंभर मार्कांचा प्रश्न आहे.

मूळ चित्रपटात तरी काय झाले होते? तेथे इस्टेटदाराच्या भूमिकेत टी. एस. बालय्या आणि त्यांच्या चित्रपटवेड्या मुलाच्या भूमिकेत नागेश. मुलगा बापाला भुताखेताची कथा नुसत्या आवाजांनी आणि हातवाऱ्यांनी ऐकवतो आणि बाप बसल्या जागी थरथर कापतो, हा प्रवेश तामीळ रसिकांना आजही तोंडपाठ आहे. हिंदीत तोच प्रवेश मेहमूद आणि ओम प्रकाश यांनी केला आणि तेथेही तो अजरामर झाला. कथा एकच; परंतु नागेशची कृश, लवचीक काया ती मेहमूदची नव्हे, आणि बालय्यांचा घाबरटपणा तो ओम प्रकाशांचा नव्हे. मराठीत बापाच्या जागी शरद तळवलकर आले, मुलाच्या जागी लक्ष्मीकांत बेर्डे आले, आणि पुन्हा सारा स्वयंपाक नव्याने मांडावा लागला. चुलीवरचे पातेले उसने आणता येते, विस्तव उसना आणता येतो. चव मात्र हातालाच असावी लागते.

आणि हे हात कोठले? नागेश हे मुळात रेल्वेतले कारकून. हौशी नाटकांतून पुढे आले. अशोक सराफ बँकेत नोकरीला होते. नाटक करता करता बँक सुटली. लक्ष्मीकांत बेर्डे गिरगावातल्या मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करीत होते आणि पुढे 'टुरटूर' या नाटकाने त्यांचे नाव झाले. शरद तळवलकरांच्या मागे तर मराठी रंगभूमीची कित्येक वर्षे उभी होती. म्हणजे मद्रास काय आणि मुंबई काय, हसवणारी माणसे घडली ती कचेरीच्या खुर्चीवर आणि हौशी नाटकाच्या तालमीत. वरिष्ठ अधिकारी कसा खाकरतो, उसनवारीचा श्रीमंत कसा चालतो, हे कारकुनाइतके बारकाईने कोण पाहतो? ही निरीक्षणे ज्याला त्याला आपल्याच गावात करावी लागतात. ती पार्सलने मागवता येत नाहीत.

पंचांगातली माणसे

देवलांनी 'संशयकल्लोळ' रचताना काय केले ते आता पुन्हा पाहा. लंडनच्या दिवाणखान्यातली माणसे त्यांनी नुसती धोतर-पातळात गुंडाळली नाहीत. त्यांनी थेट पंचांग उघडले! फाल्गुनराव, अश्विनशेठ आणि भादव्या हे महिने. कृत्तिका आणि रेवती ही नक्षत्रे. मर्फीच्या मत्सरी नवऱ्याला मराठी महिन्याचे नाव मिळाले, आणि शिमग्याचा महिना वाट्याला आल्यामुळे तो जन्माचाच मराठी झाला. फाल्गुनराव म्हटल्याबरोबर जी बोंब ऐकू येते, ती लंडनमध्ये कशी ऐकू येणार? कथानक साता समुद्रांपलीकडले, हशा मात्र घरच्या अंगणातला.

म्हणून मी विद्यार्थ्यांना तीन शब्द वेगळे करून सांगतो. शब्दाला शब्द ठेवणे ते भाषांतर. हाडे तीच ठेवून रक्त-मांस येथले भरणे ते रूपांतर. आणि हाडेही त्याची, मांसही त्याचे, फक्त नाव आपले, ही चोरी. तिन्हींत उसनवारी आहेच. परंतु पहिल्यात प्रामाणिकपणा आहे, दुसऱ्यात प्रतिभाही आहे, आणि तिसऱ्यात दोन्ही नाहीत.

येथे एक आक्षेप येईल. कोणी म्हणेल, "प्राध्यापकमहाशय, ठसका मराठी म्हणून चित्रपट मराठी, हे ठीक. पण आपण नेहमी घेणारेच का? देणारे कधी होणार?"

तेही झालो आहोत. १९५५ साली बंगालीत 'जय माँ काली बोर्डिंग' नावाचा एक विनोदी चित्रपट निघाला. त्यावरून १९६६ साली हृषीकेश मुखर्जींनी हिंदीत 'बीवी और मकान' केला. भाड्याच्या खोलीसाठी पुरुषांनी बायकांचे सोंग घ्यावे, ही त्याची कल्पना. १९८८ साली ती सचिन पिळगावकरांच्या हाती आली, वसंत सबनीसांनी तिला संवाद दिले, आणि 'अशी ही बनवाबनवी' जन्मली. तिच्याबद्दल अधिक लिहायला नको. तिचे संवाद आज महाराष्ट्रात म्हणींसारखे वापरले जातात. पण पुढचे ऐका. ही मराठी 'बनवाबनवी' नंतर तेलुगूत गेली, आणि तेथून १९९५ साली 'आणळगन' या नावाने थेट तामिळीत पोहोचली! मद्रासहून १९६४ साली सुटलेल्या मालाची परतफेड जणू एकतीस वर्षांनी झाली. मल्याळम् भाषा तर या बाजारातली मोठी पेढी. १९८९ सालच्या 'रामजी राव स्पीकिंग'वरून २००० साली निघालेला 'हेराफेरी' हा हिंदी चित्रपट इतवारीतल्या पानठेल्यांवर अजून पाठ म्हटला जातो, आणि त्यातला बाबूराव आपटे तर मराठीच माणूस! केरळातला विनोद, हिंदी भाषा आणि मराठी आडनाव. याला उसनवारी म्हणायचे की भाऊबंदकी?

जमा आणि नावे

इतके झाल्यावर एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. माल घेणे यात कमीपणा नाही. परंतु बारदान्यावरचा मूळ शिक्का खरवडून काढणे यात आहे. भारतात १९५७ चा प्रताधिकार कायदा रूपांतराचा हक्क मूळ कर्त्याकडे सोपवतो. हल्ली कथांचे हक्क रीतसर विकत घेतले जातात, हे चांगले आहे. पण कायद्याच्या पलीकडचे एक देणे असते, ते नावाचे. चित्रालय गोपू हे नाव महाराष्ट्रात किती जणांनी ऐकले आहे? ज्यांच्या कल्पनेवर आपल्या दोन पिढ्या पोट धरून हसल्या, त्यांचे नाव आपल्याला ठाऊक नसावे! श्रीधर २००८ साली गेले, नागेश २००९ साली गेले. त्यांना मराठी रसिकाने दोन ओळींची तरी श्रद्धांजली वाहायला हवी होती. त्यांच्या मुलखात लक्ष्मीकांत बेर्डे हे नाव कोणाला ठाऊक असेल, अशी अपेक्षा मग आपण कोणत्या तोंडाने करायची?

त्या विद्यार्थिनीला मी पुढच्या तासाला काय सांगितले, ते येथे लिहितो. मी म्हटले, "मुली, कोणत्याही भाषेजवळ तिची स्वतःची अशी कथा बहुधा नसतेच. कथा वाऱ्याने येतात. भाषेचे स्वतःचे असते ते हसणे. तू बाजारात हिंदीत भाव कर, परीक्षा इंग्रजीत दे. पण पाय घसरून पडलीस तर कोणत्या भाषेत ओरडतेस, आणि मैत्रीण पडली तर कोणत्या भाषेत हसतेस, ते एकदा पाहा." ती म्हणाली, "सर, हसताना तर मराठीतच!" मी म्हटले, "मग ते तुझे आहे. ते सांभाळ. ज्या दिवशी आपल्याला हसायलाही परक्याचा शब्द लागेल, त्या दिवशी व्याकरणाची पुस्तके कपाटात असली काय आणि नसली काय, सारखेच."

ती पुढे म्हणाली, "पण सर, ते तामीळ पिक्चर मला बघायचंय." भाषेच्या प्राध्यापकाला याहून मोठी दक्षिणा कोणती? आपले काय, याचा शोध घेताना शेजाऱ्याचे काय, हेही पाहावेसे वाटू लागले, की शिक्षण पुरे झाले असे मी समजतो.

वाचकहो, लक्ष्मीपूजनाच्या रात्री इतवारीच्या पेढ्यांवर नव्या वह्यांची पूजा होईल. वहीलेखनाचा पहिला नियम माझ्या वडिलांनी, जे जन्मभर याच बाजारात दिवाणजी होते, मला लहानपणी शिकवला: देणाऱ्याच्या खाती जमा, घेणाऱ्याच्या खाती नावे. यंदा मराठी भाषेचीही अशी एक वही उघडावी. श्रीधर आणि गोपू, मद्रास, यांच्या खाती एक कथानक जमा, साल १९६४. मर्फी, लंडन, यांच्या खाती एक संशयी नवरा जमा, साल १७६१. हिशेब चोख लिहावा, एक पैही लपवू नये. मग ताळेबंदाच्या शेवटी तो ठसका निखळ नफा म्हणून दिसेल, आणि त्यावर कोणाचाही दावा राहणार नाही.